सांबऱ्यातून दिसलेली बंदरं

आमच्या सांबरा गावचे भावकूअण्णा बेळगावच्या एका खाजगी कॉलेजात आवक-जावक कारकून होते. शेती भावाकडं, नोकरी शहरात. कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्यांना ईमेल तेवढा शिकवला, आणि अण्णांनीही तेवढाच शिकून घेतला. मेल उघडायचा, वाचायचा, उत्तर टाकायचं. त्यापलीकडं बोट न्यायला ते भीत. "नको ते दाबलं आन् सगळं उडालं तर?" म्हणायचे.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांचा एकुलता एक मुलगा समर्थ गोव्याच्या एका एजन्सीमार्फत मालवाहू जहाजावर लागला. काम स्वयंपाकघरातलं. भर समुद्रातून फोन लागत नसे. मेल करता यायचा, पण नुसता अक्षरांचा. फोटो जायचा नाही. म्हणून त्यानं जाण्याआधी घरी एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, त्यात कॉलेजातल्यासारखाच मेल घालून दिला आणि वडिलांना शेजारी बसवलं.

"आप्पा, मी बंदराचं नाव लिवीन. त्या नावावरनं माउस वढायचा. निळं झालं की उजवं बटन. खाली येतंय बघा, 'वेबवर शोधा'. ते दाबायचं."

"मेलातनं भाईर जातंय काय ते?"

"जाऊ दे की. फोटो बघायचे आन् माघारी यायचं. काय उडत न्हाय."

पहिलं नाव आलं डर्बन. अण्णांनी जपून बटण दाबलं आणि पडदाभर निळं पाणी, उंच इमारती, क्रेनांची रांग. त्यांनी हाक मारली तशी त्यांची बायको शालूबाई गोठ्यातनं हात पुसत आली.

"ह्यातल्या कुठल्या इमारतीत असंल वो आपलं पोरगं?"

"इमारतीत न्हवं गं, जहाजात."

तरी ती प्रत्येक फोटोत डोळे बारीक करून बघत राहिली.

मग सांतोस झालं, बुसान झालं, कोलंबो झालं. डेअरीवर दूध घालायला गेली की शालूबाई सांगायची, "समर्थ बुसानात हाय. थंडी लई हाय म्हनं तिकडं." अण्णांची भीडही हळूहळू चेपली. एकदा त्यांनी उत्तरात लिहिलं, 'तिथं टेकडीवर मोठा दिवा आहे, तो बघितलास काय?'

समर्थचं उत्तर आलं, 'आप्पा, आम्हाला खाली उतरू देत न्हाईत. माल उतरला की जहाज सुटतंय. मला भांडी आन् चूल एवढंच दिसतंय. तुमीच सांगा गाव कसं हाय ते.'

त्या दिवसापासून अण्णा मन लावून शोधू लागले. बंदराचं नाव आलं की तिथला बाजार, तिथली झाडं, लोक काय खातात, सगळं बघायचे आणि मुलाला सविस्तर लिहायचे. बाप सांबऱ्यात बसून सांगायचा आणि पोरगा जहाजात बसून ते गाव बघायचा.

नंतर काही दिवस मेल आला नाही. एका दुपारी आला तो एजन्सीचा, इंग्रजीत. अण्णांचा फोन लागला नाही म्हणून त्यांनी मेल धाडला, हे पुढं कळलं. अण्णा खुर्चीवर बसलेले बघून शालूबाई मागं येऊन उभी राहिली.

"आज कुठं हाय?"

"थांब जरा. वाचतोय."

समर्थचं नाव कळलं, जहाजाचं कळलं. 'मिसिंग' हा शब्दही त्यांच्या ओळखीचा होता. कॉलेजात दाखले मिसिंग व्हायचे, आणि शोधलं की कुठल्या तरी कपाटात सापडायचे. अडले ते पुढच्या शब्दाला, 'ओव्हरबोर्ड'. बोर्ड म्हणजे परीक्षेचं, नाहीतर नोटीसबोर्ड. त्यांनी मुलानं शिकवलं तसं त्या शब्दावरनं माउस ओढला, उजवं बटण दाबलं, खालची ओळ दाबली.

जहाजाची उंच, सरळ भिंत. खाली काळं पाणी. पाण्यात माणसाचं डोकं आणि त्याच्याकडं फेकलेलं नारिंगी कडं. सगळ्या फोटोंत तेच.

"हे कुठलं बंदर?" शालूबाईनं विचारलं.

अण्णा खुर्चीवरनं उठले. मग म्हणाले, "खाली बस गं. बस जरा."

पुतण्या युवराज गोव्याला एजन्सीत जाऊन चौकशी करून आला. समुद्र खवळलेला असताना समर्थ कचरा टाकायला डेकवर गेलता, आणि परत आला नाही. जहाज माघारी फिरवून शोधलं, हाती काही लागलं नाही. एजन्सीनं त्याची बॅग तेवढी दिली.

अण्णांना वाटे, दिवस घालावेत, पोराला वाट मोकळी करावी. शालूबाई ऐकेना.

"सापडला न्हाय म्हंजे गेला, असं कुनी सांगितलं?"

"समुद्र हाय गं तो."

"पवायला येतंय त्याला."

दिवस घातले नाहीत. एकाच घरात बापाचा मुलगा गेलेला होता आणि आईचा यायचा होता. दोघं एकमेकांना जपून बोलत. अण्णांनी कॉम्प्युटर युवराजच्या घरी पोचवला आणि शेताच्या बांधावर जाऊन बसू लागले. कुणी विचारलं तर वैरणीचं, पाण्याचं बोलत.

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला अण्णांनी आई-वडिलांच्या नावानं दोन पानं मांडली, आणि मान खाली घालून तिसरं पान मांडलं. शालूबाईनं बघितलं. आता ही पान उचलणार, असं त्यांना वाटलं. तिनं तिन्ही पानांवर भात वाढला, वरण वाढलं, भाजी वाढली. अण्णा पानं बाहेर कावळ्यांना ठेवायला उचलू लागले तेव्हा ती म्हणाली, "थांबा."

आतनं दह्याचं भांडं आणून तिनं तिसऱ्या पानावर दही घातलं.

"दह्याबिगर भात जात न्हाय त्याला," म्हणाली, आणि भांडं घेऊन आत गेली.