रेडिएटरचा खालचा पाइप

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या घरातल्या प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचे मालक झाले. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. राहत ते वेगळ्या घरात, पण दिवसातून एकदा तरी आमच्याकडे येत. मिक्सर, पाण्याची मोटार, सासूबाईंचे गुडघे, बाभुळगावजवळचं आमचं कपाशीचं वावर, कशाबद्दलही त्यांना दुसऱ्यांदा विचार करावा लागत नसे. पहिल्यांदा तरी ते करत होते का, अशी मला शंका आहे.

त्या वर्षांत कपाशीचं सगळंच बिनसलं होतं. जिल्ह्यात बाहेरून माणसं येत, गाड्या थांबवून वावरं बघत आणि कारण सांगून निघून जात. दादांना त्यासाठी यवतमाळच्या बाहेर पडायचीही गरज नव्हती. "लोकायले शेती करता येत नाही," एवढं त्यांचं निदान. आमच्या वावरात कपाशीच्या मधे तुरीच्या ओळी असत. त्या त्यांनी एका वर्षी बंद करायला लावल्या, पूर्ण कपाशी लावा म्हणाले. बोंडं अळीनं खाल्ली. घरात वरणापुरतीही तूर आली नाही. तेव्हा दादा म्हणाले, मी सांगितली तशी फवारणी झाली नाही. माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. ही मान डोलावण्याची सवय त्याला लहानपणापासून होती आणि माझ्याशी लग्न करूनही ती गेली नव्हती.

मी बाभुळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि रोज यवतमाळहून जाऊन-येऊन करत होते. त्यासाठी आमच्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. माझ्या वडिलांची. ती मीच चालवत असे. दादांना हे कधी पचलं नाही, पण बोलताना ते माझ्याशी बोलत नसत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला म्हणत, "तिले सांग, गाडी जोरात हाणत नको जाऊ म्हणा."

एका हिवाळ्यात गाडी तापायला लागली. शाळेत जाताना मोकळा रस्ता लागला आणि जरा वेग धरला, की तापमानाचा काटा चढायचा. बाभुळगावात बैलगाड्यांच्या मागे रांगत गेले, की हळूहळू खाली यायचा. मला हे उलटं वाटलं. पंखा नीट फिरत नसेल तर गाडी उभी असताना तापायला हवी, पळताना वारा मिळतो. इथे उभी असताना ती शहाण्यासारखी वागत होती. मी बाजूला थांबून बॉनेट उघडायची. पाणी गळत नव्हतं, पंखा फिरत होता, बेल्ट घट्ट होता. सगळं जागच्या जागी.

हे मी जेवताना नवऱ्याला सांगितलं. दादा त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होते, बाजूच्याच पाटावर. ते हसले आणि म्हणाले की गाडी काही विज्ञानाच्या तासाला बसत नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक बापडा त्यांच्या खात्यात कधीकाळी ड्रायव्हर होता. साहेबांसमोर तोंड उघडायचं नाही, एवढं शिक्षण त्याला पुरेपूर मिळालेलं होतं. दादा म्हणाले थर्मोस्टॅट काढ, त्यानं काढला. गाडी तापली. दादा म्हणाले रेडिएटर साफ कर, त्यानं साफ केला. गाडी तापली. मग पाण्याचा पंप बदलला. गाडी तापतच राहिली. दर वेळी दादा असं सांगत की आपल्याला हे अगोदरच ठाऊक होतं, फक्त खात्री करून घ्यायची होती.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी निकाल दिला, "हेड गेलं ह्याचं. इंजिन खोला लागते."

मी म्हटलं, हेड गेलं असतं तर पाण्यात तेल आलं असतं, मागून पांढरा धूर आला असता. तसं काही नाही. नवरा त्यांच्याकडे बघत होता आणि ते भिंतीकडे. आमच्या घरात माझ्या बोलण्याला विरोध होत नसे. पंख्याच्या आवाजासारखं ते चालू असे, इतकंच.

इंजिन खोलण्याआधी पांढरकवड्याला नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध निघालं, म्हणजे साखरपुडा. दादा, माझ्या मोठ्या जाऊबाई, नवरा आणि मी असे चौघं निघालो. गाडी अर्थातच दादांनी चालवायला घेतली. मी हळू चालवा म्हणून सांगितलं. नवऱ्यामार्फत. जोडमोह्यापर्यंत ते ठीक होते, पण पुढे सागाच्या जंगलात रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांच्यातला तरुण जागा झाला. काटा चढायला लागला. मी मागून नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, काटाच खराब आहे. थोड्या वेळानं बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, तेव्हा काट्याबद्दलचं मत त्यांनी मनातच ठेवलं असावं.

गाडी थांबली ती एका पाड्याच्या अलीकडे. सागाची पानं गळून गेलेली, सावली नावालाच. मी बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "झाकण उघडू नका. निवू द्या."

हे मी पहिल्यांदाच थेट त्यांना म्हटलं होतं. कदाचित म्हणूनच त्यांनी लगेच दुपट्टा हातावर गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं आणि त्यांच्या मनगटावर पडलं. ते ओरडले नाहीत, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. मागे सरले आणि मेकॅनिकला शिवी दिली, जो तिथून कित्येक मैल लांब होता.

जाऊबाईंनी पिण्याच्या पाण्याची कॅन आणून त्यांच्या हातावर धार धरली. फार दुखतं का, असंही विचारलं नाही. पाणी ओतता ओतता माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "माह्या घरी तं रोजच झाकण उघडते."

एरवी मी हसले असते. पण मला त्या दिवशी राग आला होता, आणि तो भाजलेल्या हातानंही कमी झाला नाही. ज्या माणसानं थांबून दोन मिनिटं काही पाहिलेलं नाही, त्याला इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी साहेब करून ठेवलं होतं.

पाड्यावर हापशी होती. नवरा आणि मी पाणी आणलं, इंजिन निवेपर्यंत बसून राहिलो, मग ते सुरू करून हळूहळू पाणी भरलं आणि झाकण लावलं. गाडी शांतपणे फुरफुरत उभी राहिली. बॉनेट उघडंच होतं. नेहमीसारखं आत सगळं ठीक दिसत होतं, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मी दर वेळी गाडी थांबवून बघते, आणि ती तर पळताना तापते.

मी नवऱ्याला म्हटलं, आत बसा आणि गाडी उभीच ठेवून अॅक्सिलेटर दाबा.

"तिले सांग," दादा म्हणाले, "उरलंसुरलं इंजिन जाळशील म्हणा."

नवऱ्यानं स्टिअरिंगवर हात ठेवून आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो क्षण मी विसरलेले नाही. चाळिशी ओलांडलेला, बँकेत लोकांची कर्जं मंजूर करणारा माणूस पाय खाली दाबायचा की नाही, यासाठी परवानगी शोधत होता.

"दाबा म्हटलं ना," मी म्हटलं.

त्यानं दाबला. इंजिन गर्जलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेडिएटरच्या खालचा जाड रबरी पाइप आत ओढला गेला. रसवंतीच्या चरकातून निघालेल्या उसासारखा चपटा झाला. पाणी जायला वाटच नाही. नवऱ्यानं पाय काढला, तसा पाइप फुगून पुन्हा गोल झाला, जणू काही घडलंच नाही. मी पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा चपटा. रबर जुनं होऊन मऊ पडलं होतं, आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असावी. वेग वाढला, पंपाची ओढ वाढली, की पाइप बसायचा. थांबलं की गोल. हिवाळ्यापासून तो आम्हाला फसवत होता, आणि आम्ही त्याच्या आजूबाजूचं सगळं बदलून बसलो होतो.

जाऊबाई वाकून बघत होत्या. नवरा खाली उतरून आला, त्यानंही पाहिलं. दादा सगळ्यांच्या शेवटी आले, ओला हात छातीशी धरून. बराच वेळ बघितलं.

"मी मेकॅनिकले तेच म्हटलं होतं," ते म्हणाले. "पाइप पाह्य म्हणून."

मी ड्रायव्हरच्या जागी बसले आणि गाडी हळूहळू चालवत पांढरकवड्याला नेली. काटा हलला नाही. तिथे हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मापाचा पाइप मिळाला, शेजारच्या माणसानं तो बसवून दिला.

साक्षगंधाच्या पंगतीत दादा हाताला पट्टी बांधून बसले होते आणि मुलीकडच्या मंडळींना सांगत होते की जुन्या गाड्यांचं दुखणं असं असतं, बंद असताना दिसतच नाही, इंजिन चढवून बघावं लागतं. लोक कौतुकानं ऐकत होते. एकानं भाजलेल्या हाताबद्दल विचारलं, तर म्हणाले, अशी कामं करताना लागतंच. मी समोरच्या ओळीत होते. वाढणाऱ्याला मी आणखी एक पुरणपोळी मागितली आणि ती सावकाश खाल्ली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, तू मनावर घेऊ नको, दादांचा स्वभावच तसा आहे. स्वभाव हा शब्द आमच्याकडे फक्त पुरुषांसाठी राखून ठेवलेला होता. बाईनं तेच केलं तर त्याला दुसरे शब्द होते. मी त्याला एवढंच विचारलं की पाइप कोणी शोधला. तो म्हणाला, "तू." मग दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "पण आता कायले काढते ते."

महिन्याभरानं दादांना कुठल्याशा कामाला राजूरला जायचं होतं. ते आले आणि नवऱ्याला म्हणाले, गाडीची किल्ली दे. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"देणार नाही," मी थेट दादांना म्हटलं. "गाडी माझी आहे."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल असं मलाही वाटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ही त्याची माझ्या बाजूनं केलेली सगळ्यात मोठी कामगिरी, आणि मी ती तशीच मोजते, कारण त्याहून मोठी पुढेही झाली नाही.

दादा बसनं गेले. त्यानंतर पोळा उलटून गेला तरी आमच्या घरी पाऊल ठेवलं नाही. आपला अपमान झाला, असं ते नातेवाइकांत सांगत फिरत होते. तो काळ आमच्या घरात फार शांततेत गेला. पुढच्या पेरणीला नवऱ्यानं तुरीच्या ओळी पुन्हा लावल्या, आणि कोणाला विचारलं नाही. मलाही नाही.