खांबावरच्या बाईचं बोट

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ बघायला लांबून माणसं येतात, खांबांवर कोरलेल्या बायकांचे फोटो काढतात. गावाला त्या बायका म्हणजे कामाची वाटणी. यात्रेआधी एकेका घरानं एकेक खांब चुन्यानं रंगवायचा. आमच्या वाट्याला आरसा धरलेली बाई. पन्नास वर्षं तिला आईच चुना लावत होती. यंदा आईचे गुडघे गेले, म्हणून तिनं मला भवानी पेठेतून बोलावून घेतलं. घरात वहिनी असताना मला का, हे मी विचारलं नाही.

मला ती पद्धत कधीच पटली नव्हती. एवढं कोरीवकाम आणि वर पापुद्र्यांवर पापुद्रे. आधी चुना खरवडायचा, असं मी परस्पर ठरवलं आणि वहिनीचं उलथनं घेऊन गेले. तासाभरात कमरेची साखळी दिसायला लागली, मग पैंजण. आरसा धरलेल्या हातावर उलथनं जरा जोरात चाललं आणि बाईचं बोट माझ्या पायाशी पडलं.

शेकडो वर्षं टिकलेलं बोट मी तोडलं. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. दुपारी जेवण गेलं नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली, दोनदा देवळापर्यंत जाऊन परत आले. परवा यात्रा, आणि यात्रेत सगळं गाव एकमेकांचे खांब बघतं. झालं का रंगवून, असं आई सारखी विचारत होती. होतंय, म्हणत होते.

संध्याकाळी वहिनी दळणाला गेली, तेव्हा रुमाल आईपुढं उघडला. तिनं बोट नखानं खरवडलं. पांढरी भुकटी पडली.

“ह्यात दगड कुटं हाय? चुना हाय ह्यो. लग्नाच्या पैल्या वर्षी माज्या हातनं बादली लागली, तवाच तुटलं. दरसाल नवीन करती.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीस?”

“सासूला न्हाय, तुज्या बापाला न्हाय. आता सुनेला सांगू व्हय?”

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं तसं चुन्यात सुतळीचे धागे कालवून मी बोट वळलं, बसवलं आणि सगळ्या बाईला पांढरं केलं. भावाच्या मोटारसायकलवर बसून आई तपासायला आली.

“मुळा केलायस की,” बोटाकडं बघून एवढंच हळू म्हणाली.

बोटाचा जाड चुना पुरता वाळायला दोन दिवस तरी लागतात, आणि यात्रा उद्यावर होती. यात्रेत मी देवाकडं पाठ करून त्या खांबाला टेकून उभी होते, कुणाचा हात लागू नये म्हणून.