साधा कॉम्प्युटर मागणाऱ्या बाई

आमच्या संघटनेच्या पत्रकांसाठी प्रिंटरची शाई घ्यायला सावेडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवर कोल्हार गावाहून आलेल्या पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला होता आणि एका बोटाने, सावकाश पण न चुकता, मराठी अक्षरं उमटवत होत्या.

"घरी अर्ज लिहिता यील असा साधा कॉम्प्युटर दाखवा," त्या म्हणाल्या.

सेल्समन उत्तर मात्र मला देत होता. "सर, हा घेऊन टाका. मुलं गेम खेळतील, लायटिंगपण आहे." मी त्या बाईंचा कोणीच नव्हतो! माझं डोकं फिरलं. गरज नसलेला माल गळ्यात मारणं ही लूट आहे, असं मी त्याला सुनावलं. तो प्रोसेसरवर गेला, मी ग्राहकाच्या हक्कांवर. बाई पुढचं अक्षर शोधत होत्या.

शेवटी मी त्यांच्याकडे वळून सभेतल्या आवाजात विचारलं, "मावशी, कसला अर्ज लिहायचाय? सांगा ह्याला एकदाचं."

त्यांचं बोट थांबलं. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली.

"टायपिंगवाला बी असंच मोठ्यानं इचारतो, दादा," त्या हळू म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या संसाराचं सगळ्या रांगेनं ऐकलं. म्हनून तर घरी घ्याया आले."

मग ज्यावर अक्षरं उमटवत होत्या त्याच कॉम्प्युटरकडे बोट करून सेल्समनला म्हणाल्या, "ह्योच द्या. अक्षरं मोठी दिसत्यात."

त्या सेल्समनचा राग मला अजून येतो. पण तो निदान माल विकत होता. मी तर त्यांची बाजू घेतोय असं समजून त्यांच्या लेकीचं दुःख चारचौघांत मागत होतो.