गिळलेला चंद्र घेऊन संभाजीनगरला

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी बघायला जातात. आम्ही एका राक्षसाचा शेवट शोधायला गेलो.

माझी भाची रेवा चित्रकथा काढते. दोन वर्षं खपून तिनं सहावी-सातवीच्या मुलांसाठी आख्खं पुस्तक चितारलं. ढेरपोट्या नावाचा राक्षस अंधाराला घाबरतो, म्हणून चंद्रच गिळून टाकतो. पोटात उजेड, गावात काळोख, आणि पुढे पानोपानी धिंगाणा. प्रकाशक शेवटच्या पानापर्यंत हसत आले आणि तिथं गप्प झाले. "शेवट बसवा, नाहीतर हे पुस्तक माझ्याकडून व्हायचं नाही."

महिनाभर रेवा खोडरबर हातात घेऊन बसून राहिली. तिची मैत्रीण मेघा संभाजीनगरच्या जुन्या शहरात मुलांचं वाचनालय चालवते. मुलांनाच दाखवू, असं ठरलं, आणि पिशव्या उचलायला मामा लागला. खरं तर कथेचे संवाद मीच लिहिले होते. "रे निशाचराधम, विमुञ्च शशाङ्कम्" हे वाक्य मला अजूनही उत्तम वाटतं. रेवानं मात्र संवादांचे सगळे फुगे कोरेच ठेवले.

"मामा, फुगा फुटेल," एवढंच म्हणाली.

जाणार असाल तर पुण्याहून सकाळची एसटी घ्या. अहिल्यानगरमार्गे सहा तास धरा. वाळूजला कारखान्यांची शिफ्ट सुटत असेल तर धरलेलं सोडून द्या. शेजारच्या सीटवर फुलंब्रीचे एक काका होते. त्यांनी रेवाच्या मांडीवरचं चित्र बराच वेळ निरखलं.

"हे कोन, मंत्री का?"

"राक्षस आहे, काका."

"असं व्हय. पोटावरनं वाटलं."

जेवायला जुन्या शहरातच थांबा. नान-खलिया ही इथली शान. मी शाकाहारी असल्यानं नुसतं नान आणि भाचीच्या ताटाचा वास, एवढ्यावर भागवलं. बिल दोघांचं मीच दिलं.

वाचनालय म्हणजे एक खोली, सतरंजी आणि पोरंच पोरं. मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, सगळी मिसळून. पुस्तक दणक्यात चाललं. मग शेवटचं पान आलं. त्यावर एका ओळीत चार चित्रं आहेत. पोटात चंद्र घेऊन टेकडीवर खुशीत बसलेला ढेरपोट्या. त्याला गुदगुल्या करणारी मुलं. वासलेलं तोंड आणि आकाश यांच्या मधोमध चंद्र. आणि शेवटी चंद्र वर, ढेरपोट्या खाली अंधारात एकटा, डोळे ओले.

हर्सूलचा गणेश सातवीतला. त्यानं पान वाचून निकाल दिला, "चोरलेला चंद्र दिला वापस. बरं झालं."

"आवडलं का?" रेवानं विचारलं.

"आवडलं की." पाहुण्यांकडच्या उपम्याला म्हणतात तसं म्हणाला आणि जांभई दिली. रेवा पानं आवरायला लागली.

तेवढ्यात सहावीतली आफरीन खुदकन हसली.

"का हसायली गं?" गणेश म्हणाला. "तो रडायलाय."

"रो तो पहले रहा था. फिर चाँद आया ना उसके पास."

"आला नाय, गेला. वर गेला."

"नीचे आया. फिर बच्चे खेलने आए, देख, गुदगुदी कर रहे. फिर खुश बैठा."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. आफरीन उर्दू शाळेतली. पानावर वाचायला अक्षर नाही म्हटल्यावर तिनं चित्रं आपल्या सवयीनं उजवीकडून लावली होती.

"उलटं वाचायली ही," गणेश म्हणाला.

"उलटा तू पढ़ रहा."

"मंग चोरी कुनी केली?"

"चोरी कायकी? मेहमान आया था. एक रात के लिए."

"आन् गावात अंधार पडला त्याचं?"

"अमावस," आफरीन म्हणाली.

मी घसा खाकरून 'अमा' म्हणजे सोबत आणि 'वस्' म्हणजे राहणं, असं सुरू केलं. रेवानं हात वर करून मला थांबवलं. गणेश पान उजवीकडून बघत होता. मग डावीकडून. मग पुन्हा उजवीकडून.

"पयलं इकडून जायचं," तो सावकाश म्हणाला, "आन् मंग तिकडून वापस यायचं. व्हय की. लई भारी."

रेवानं खोडरबर पर्समध्ये टाकला. शेवटच्या चित्राखाली तिनं पेन्सिलीनं एक छोटा बाण काढला, डावीकडे वळणारा. पुस्तक संपलं.

वेरूळ राहिलंच. ओरडायचं असेल त्यांनी खाली प्रतिक्रियेत ओरडावं. रेवाला धीर नव्हता, दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही पुणं गाठलं.

प्रकाशकांनी बाणाकडे संशयानं पाहिलं. "छपाईला अडचण होईल," म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं बोट मागं सरकलं. चंद्र राक्षसाच्या तोंडाकडे उतरला तिथं ते हसले. मग पान मेजावर ठेवून त्यांनी छापखान्याला फोन लावला.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली आहे. पंचांगात अमावस्या दिसली, की तिथी सोडून मला टेकडीवरचा यजमान आठवतो.

छापायचं ठरलं त्याच संध्याकाळी रेवानं मेघाच्या फोनवर मुलांना बातमी दिली. गणेशनं लगेच बाणावर हक्क सांगितला, नाव छापा म्हणाला. मग रेवा आफरीनला म्हणाली, "तू बदललेला शेवट छापतायत बघ."



"मैं कायकू बदलूँ, दीदी? वो तो वैसाच था."