सात ते साडेआठ

सहदेव साळवींसमोर सिनेमाचा विषय काढायचा नाही, हे डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एरवी गरीब माणूस, पण सिनेमाचं निघालं की पिच्छा सोडायचा नाही. आणि आवड तरी कसली! गोष्ट दीड तासाची, तर सिनेमाही दीडच तासाचा. ‘दहा वर्षांनंतर’ वगैरे नाही, एका गाण्यात पोरगा लहानाचा मोठा होणं नाही. पडद्यावरच्या बाईचा चहा उकळेपर्यंत तुम्हीही बसून राहायचं.

एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात तापमानाच्या काट्यावर नजर ठेवण्यात घालवली होती. काटा तासन् तास हलायचा नाही आणि हलला की पळापळ. मधला वेळ गाळता येत नाही, हे तिथेच त्यांच्या अंगात मुरलं. म्हणून थिएटरात ऐन मोक्याला ‘मध्यंतर’ झळकलं की त्यांचं डोकंच फिरायचं. ठाण्यात एकदा तर ते मॅनेजरशी भांडून आलेले. “तो माणूस तिकडे तसाच लटकलाय आणि आम्ही इकडे समोसे खायचे?” घरी तर आनंदच होता. कुकर, बेल, फोन. वैशालीताई “जरा थांबवा हो, आलेच” म्हणून उठायच्या, त्या कपडे वाळत घालूनच परतायच्या. जोडीने एक सिनेमा सलग पाहिल्याचं सहदेवरावांना आठवत नव्हतं.

यंदा गणेशोत्सवात सेक्रेटरी कमलेशने एक संध्याकाळ त्यांच्या हवाली केली. “काका, तुमच्या आवडीचा लावू या.” सहदेवराव हरखले. अट एकच घातली, मध्ये थांबायचं नाही. सिनेमाही तसाच निवडला. मुलीचं ऑपरेशन चाललंय आणि बाप बाहेर बाकावर बसलाय, सात ते साडेआठ. त्याच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ. ते हॉलमधल्या घड्याळाशी जुळावं म्हणून सिनेमा सातच्या ठोक्याला सुरू करायचा आणि आरती नऊला, असं ठरलं.

सातला हॉलमध्ये चार टाळकी होती. मग माइक बिघडला, मग खुर्च्या कमी पडल्या. सुरू व्हायला साडेसात वाजले. घड्याळं जुळायची बोंबच झाली, आणि सहदेवराव दातओठ खात मागे उभे राहिले.

पण हळूहळू हॉल गप्प झाला. वेफर्सच्या पुड्या वाजायच्या थांबल्या. बाप उठला, येरझाऱ्या घालून पुन्हा बसला, आणि कुणी जांभई दिली नाही. पहिल्या रांगेत वैशालीताई ठेवणीतली रेशमी साडी नेसून बसल्या होत्या, त्याही जागच्या हलल्या नव्हत्या. सहदेवरावांना भरून आलं. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, डॉक्टर बाहेर आला, त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि हॉलचे दिवे लागले.

“मंडळी, दोनच मिनिटं!” कमलेश माइकवर होता. “आरतीच्या आधी आपल्या काकांचा छोटासा सत्कार!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी सहदेवरावांना ढकलत पुढे नेलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मागे पडद्यावर डॉक्टर आ वासून थिजला होता.

“काका, दोन शब्द!”

“दोन शब्द कसले?” सहदेवराव माइकवरच कडाडले. “शेवटपर्यंत दम निघाला नाही तुम्हाला? कुठल्या गाढवाला सुचलं हे?”

कमलेशने वैशालीताईंकडे पाहिलं.

त्या उठून आल्या. सहदेवरावांच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी नीट केली. “मला सुचलं,” त्या हळूच म्हणाल्या. “कंपनीने एका सकाळी गेटला कुलूप लावलं. निरोप नाही, समारंभ नाही, साधं फूल नाही. म्हटलं, आपल्या माणसांत तरी व्हावं.”

त्या सकाळी सहदेवराव भरलेला डबा घेऊन परत आले होते आणि “बरं झालं, सुटलो एकदाचा” म्हणाले होते. वैशालीताईंनी तेव्हा काही विचारलं नव्हतं. बायकोला ते खरंच वाटलं, अशी इतकी वर्षं त्यांची समजूत होती.

“अगं, मला...” त्यांनी सुरुवात केली, पण तेवढ्यात नऊ वाजले, झांजा वाजू लागल्या आणि सगळे उठून उभे राहिले. वैशालीताई गणपतीकडे तोंड करून आरती म्हणू लागल्या. टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि सहदेवरावांच्या दोन्ही हातांत नारळ होता.