सासऱ्यांच्या घड्याळाची डायल

सासऱ्यांनी मला भेट दिलेलं घड्याळ मी त्यांच्यासमोरच नापास केलं.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर भिंगातून सुट्या भागांतले दोष शोधायचे, हे माझं काम. (घरीही मी कपांचे टवके मोजत बसायचो, असं माझी बायको वैशाली सांगते. खोटं आहे. मी फक्त बघायचो.) त्यात जुन्या घड्याळांचा नाद लागलेला. डायल मूळची आहे की नंतर रंगवलेली, हे आपण एका नजरेत सांगू शकतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सासरे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. मी त्यांना मामा म्हणायचो. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते आणि मामी आले होते. जेवणं झाल्यावर मामांनी मनगटावरचं घड्याळ उतरवून माझ्या हातात ठेवलं.

"जावईबापू, माझ्या वडिलांचं आहे. स्विस. आता तुम्ही वापरा."

दुसरा कुणीही असता तर पाया पडला असता. मी भिंग आणलं.

"मामा, ही डायल रंगवलेली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ओरिजिनल नाही. बघा, काट्यांवरचं रेडियम पिवळं पडलंय आणि आकड्यांवरचं पांढरंशुभ्र. मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर येत नाहीत. आणि सहाच्या खाली 'स्विस मेड' असतं, ते तर लिहायलाच विसरलेत."

वैशालीने मला कोपराने ढोसलं. तिलाही बघायचं असेल, असं वाटून मी भिंग तिच्या हातात दिलं.

मामा चिडले की थेट अहिराणीवर यायचे. "मना बापनं घड्याय शे ते," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्या हातात आहे. कुणी रंगवलं, मी?"

"तुम्ही नाही हो. तुम्हाला कुणीतरी फसवलं असणार."

मामी लाडवांचं ताट घेऊन मध्ये आल्या. "जाऊ द्या ना. वेळ बरोबर दाखवतंय ना? मग झालं."

त्यांचा आवाज जरा कापत होता. पण आवाजातले दोष माझ्या विभागाकडे येत नसत.

"नाही मामी, सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेनरोडवरच्या एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. मामींचं डोकं दुखत होतं, पण मामा म्हणाले, "चल, साक्षीला चल." घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, आतून निरखलं आणि हसले.

"इथे सुईने कोरलेली ही खूण माझ्या वडिलांची. घड्याळ आमच्याच दुकानात आलं होतं. डायल त्यांनीच रंगवून घेतली असणार."

"बघा," मी मामांना म्हणालो.

मामा माझ्याकडे बघतच नव्हते. ते मामींकडे बघत होते आणि मामी पायातल्या चपलांकडे.

"तुम्ही कांदा घेऊन कलकत्त्याला गेला होतात," मामी हळूच म्हणाल्या. "घड्याळ सदऱ्याच्या खिशात राहिलं. मी सदरा सोड्यात भिजत घातला. डायल पार काळी झाली. मग माहेरी जाते सांगून इथे आले."

"आणि मला काय सांगितलंस?"

"तेल घालून आणलं म्हणून."

मामांनी घड्याळ हातात घेतलं. मग म्हणाले, "मी तेव्हा म्हणालो होतो, तेल घातल्यावर घड्याळ किती उजळलं." आणि हसत सुटले. मामी डोळे पुसत हसल्या, घड्याळजीही हसले. मी एकटा 'स्विस मेड' का नसावं, ते समजावून सांगत होतो.

घरी येईपर्यंत दोघांचं सगळं मिटलं होतं. घड्याळ मामांच्या मनगटावर परत गेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "असू द्या जावईबापू. तुम्हाला ओरिजिनल लागतं. हे आमच्या हिच्या हातचं आहे, आता कुणाला देणार नाही."

वैशालीने रात्रीच्या जेवणापर्यंत वाट पाहिली आणि मग एवढंच विचारलं, "तुझंच बरोबर निघालं ना? मग ताटात तेच वाढू का?"

दोनेक वर्षांनी मेहुण्याच्या लग्नात मामा केस काळेभोर करून मांडवात आले. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मामा सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय जावईबापू, कसं काय वाटतंय?"

वैशालीने माझा दंड घट्ट धरला. मी चष्मा काढून खिशात ठेवला, मामांच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "ओरिजिनल."