रांगेतली जागा

प्रभुभोजनाच्या रविवारी निकेश नेहमी लवकर पोचायचा आणि दाराजवळची जागा धरायचा. हिरामणकाकांच्या रोह्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत ख्रिस्ती मंडळी जमते; उपासना काकाच चालवतात. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी मधली भिंत पाडून ती खोली मोठी करून घेतली. सतरंज्या अंथरलेल्या असतात. पुरुष भिंतीला पाठ लावून ओळीने बसतात, बायका समोर. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर मोडली जाते आणि पेला फिरतो. भाकर म्हणजे खरीच तांदळाची भाकरी, निकेशच्या बायकोच्या, मृणालीच्या हातची. पेल्यात काळ्या मनुका उकळून काढलेला रस. सगळ्या मंडळीला मिळून स्टीलचा एक मोठा पेला. तो दारापासून निघतो आणि फिरत फिरत खिडकीपर्यंत जातो. आपला घोट घ्यायचा, काठ रुमालाने पुसायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा.

निकेश दाराशी बसतो तो शिफ्टला पळायचं असतं म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. धाटावच्या कंपनीत ऑपरेटर असल्याने ते पटण्यासारखंही होतं. खरं कारण वाळू होता. वाळूची जागा ठरलेली, खिडकीखाली. दाराशी बसलं की पेला वाळूच्या आधी हातात येतो.

वाळू कातकरी. नदीकाठच्या वाडीत राहणारा, त्याच कंपनीत ठेकेदाराकडे ड्रम चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. निकेश पेणकडच्या खाडीकाठचा आगरी, मिठागरवाल्यांच्या घरातला. आणि निकेशला या मंडळीत आणलं होतं ते वाळूनेच.

पाच-सहा वर्षांपूर्वी निकेशचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. सेकंड शिफ्ट सुटली की तो सरळ घरी येतच नसे. वाळूही एके काळी तसाच पिणारा, आणि आता डबा उघडण्याआधी डोळे मिटून बसणारा. निकेश त्याची टिंगल करायचा. एकदा मात्र टिंगल बाजूला ठेवून त्याने विचारलं, "वाळू, तू दारू सोडलीस कशी रं?"

"सोडली कुठं? रोज सकाळी उठून सोडतो," वाळू म्हणाला. "एकट्याच्यानं जमत नाय. येतोस का रविवारी?"

निकेश गेला. मग मृणालीही जायला लागली. दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पाण्यातून वर आलेल्या निकेशला टॉवेल दिला तो वाळूने. पुढे घराला एक शिस्त लागली. सकाळी कामावर जाण्याआधी नवरा-बायकोने एक गीत म्हणायचं, वचन वाचायचं आणि मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. नाव घेण्याची ही सवय हिरामणकाकांनी सगळ्यांनाच लावलेली. ज्याचं नाव रोज देवापुढे घेतो त्याच्याविषयी मनात फार काळ आकस राहत नाही, असं ते सांगायचे.

एवढं सगळं होऊनही पेल्याचं कोडं सुटलं नव्हतं. निकेश लहान असताना मिठागरावर कातकरी गडी यायचे. त्याची आई धोंडुबाई त्यांना पाणी द्यायची ते उंचावरून, ओंजळीत. ती स्वभावाने काही वाईट नव्हती. उन्हात कोणी आलं तर पाणी दिल्याशिवाय पाठवायची नाही. पण तांब्या कधी त्यांच्या हातात गेला नाही. पाहता पाहता शिकलेली ती गोष्ट निकेशच्या अंगात कुठे जाऊन बसली होती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वाळूच्या शेजारी बसून तो जेवायचा, खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा. फक्त उष्ट्याचा प्रश्न आला की आतून काहीतरी मागे सरायचं. दाराजवळची जागा सापडली आणि तो प्रश्न येईनासा झाला. निकेशने त्यावर विचार करायचंही सोडून दिलं.

गेल्या वर्षी एका प्रभुभोजनाच्या रविवारी तो आईला भेटून गावाहून परत येत होता. वडखळला गाडी अडकली. तो पोचला तेव्हा गीतं संपत आली होती आणि खोली भरली होती. जागा उरली होती ती खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात, रांगेत वाळूच्या नंतर. वाळूने आनंदाने सरकून जागा करून दिली.

पेला आला. वाळूने घोट घेतला, रुमालाने काठ नीट पुसला आणि पेला निकेशच्या हातात ठेवला. निकेशने तो तोंडाजवळ नेला, काठाला ओठ लागतील न लागतील इतपत टेकवले आणि पेला हिरामणकाकांकडे परत दिला. कोणाचं लक्ष नव्हतं. वाळू डोळे मिटून बसला होता.

त्या दिवसापासून निकेशचं बिनसलं. उपासनेत सगळ्यांसमोर देवापुढे खोटं वागलो, हे डोक्यातून जाईना. सकाळी प्रार्थनेला बसला की नावं घेत घेत तो वाळूपर्यंत यायचा आणि जीभ घाई करायची. मग एक दिवस ते नाव राहिलंच. दुसऱ्या दिवशीही राहिलं. कंपनीत तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागला. जेवून लगेच उठायचा, गेटपर्यंत जायचा, परत यायचा. घरी मोबाइल उचलायचा आणि ठेवायचा.

"तुमी वाळूभावाचं नाव घेत नाय हल्ली," मृणाली एका सकाळी म्हणाली.

"घेतो की. मनात घेतो."

"बाकीच्यांचं मोठ्यानं आणि त्याचंच मनात?"

निकेशने बूट चढवले आणि निघाला. फर्स्ट शिफ्टला अजून पाऊण तास होता.

यातून त्याने मार्ग काढला तो असा. महिन्याच्या बैठकीत त्याने मांडलं, की एका पेल्यातून सगळ्यांनी पिणं आरोग्याच्या दृष्टीने बरं नाही. मोठमोठ्या मंडळ्यांनीही छोटे ग्लास आणले आहेत.

"करोना जाऊन किती वर्षं झाली, तुला आज आठवण झाली व्हय?" हिरामणकाका हसत म्हणाले. पण कोणी विरोध केला नाही. दोघा-तिघांना तर ते बरंच वाटलं. निकेशनेच पेणच्या बाजारातून छोटे प्लास्टिकचे ग्लास आणि एक ट्रे आणला. पुढच्या प्रभुभोजनाला ट्रे फिरला, ज्याचा त्याचा ग्लास ज्याच्या त्याच्या हातात. निकेशने आपला ग्लास एका दमात संपवला. आता तरी मन जागेवर येईल अशी त्याची अपेक्षा होती. घरी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की पूर्वी एकट्याची असलेली गोष्ट आता आपण सगळ्या मंडळीच्या गळ्यात बांधली आहे.

त्यानंतरच्या रविवारी वाळू आला नाही. पुढच्याही नाही. त्याची बायको पारीही दिसेना. महिना गेला, प्रभुभोजनाचा रविवार आला आणि गेला, खिडकीखालची जागा रिकामी. हिरामणकाकांनी निकेशला थांबवून घेतलं.

"वाडीवर जाऊन ये. फोनवर धड बोलत नाय तो."

"मीच कशाला? हर्षद जाईल की, त्याच्याकडं गाडी हाय," निकेशने मंडळीतल्या दुसऱ्या एकाचं नाव पुढे केलं.

"त्याचं बोट धरून तू इथं आलास. हर्षद नाय आला."

पुढच्या सुट्टीला, दुपारी, निकेश वाडीवर गेला. वाळू अंगणात जाळं पसरून फाटलेली ठिकाणं सांधत होता. त्याने मान वर करून पाहिलं, खाट दाखवली आणि पुन्हा कामाला लागला. पारी घरातून बाहेर आली, काही न बोलता नाक्यावरच्या टपरीकडे गेली आणि पाण्याची बाटली घेऊन आली.

"घ्या दादा. सीलपॅक हाय."

निकेशने बाटली हातात घेतली. झाकण न उघडता तो म्हणाला, "माठातलं चाललं असतं गो वहिनी."

"कधीपासून?" वाळूने जाळ्यातून मान वर न करता विचारलं.

पारी आत निघून गेली. निकेश उठला, खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"मंडळीत येत नाहीस," तो म्हणाला. "काका वाट बघतात."

"निकेशदादा, घोट घेतला की माणसाचा गळा हलतो. तुझा हलला नाय."

"तुझे तर डोळे मिटलेले होते."

"तुला पेला देताना मिटीन कसे? सांडला असता."

वाळूने गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"त्याचा मला राग नाय आला," तो म्हणाला. "माझा बाप तुमच्याकडच्या मिठागरांवर ओंजळीनं पाणी पिऊन म्हातारा झाला. ते तुझ्या अंगातनं एका रविवारी जाईल असं मी धरलंच नव्हतं. वाट बघितली असती मी. तू काय केलंस? तुला एक घोट जाईना म्हणून सगळ्यांचा पेला काढलास. आणि नाव दिलंस रोगाचं."

"चुकलं माझं, वाळूभाव."

"कंपनीत वाळू, इथं वाळूभाव."

"माफ कर म्हणतोय मी."

"मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. ज्यांना ठाव नाय त्यांना सांग."

"सगळ्यांसमोर?"

"पेला सगळ्यांचा काढलास ना?"

निकेश उठला. दारापर्यंत गेला आणि आत डोकावून म्हणाला, "वहिनी, पाणी द्या मला. माठातलं."

पारीने तांब्या घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"नको देऊस गो," वाळू शांतपणे म्हणाला. "आता इथंच पिऊन मोकळा होईल, आणि तिकडं तोंड उघडायचा नाय."

सील न फोडलेली बाटली खाटेवर ठेवून निकेश परत आला.

पुढचे दिवस त्याला घरात बसवेना आणि कामावर करमेना. हिरामणकाकांना एकट्याला सांगावं, ते पुढचं बघतील, असं त्याने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या गल्लीतून परत फिरला. आगरी घरांतल्या लोकांना काय वाटेल? कातकरी वाडीतून येणाऱ्या इतर कुटुंबांना काय वाटेल? त्यांनाही कळणार, की हा माणूस इतकी वर्षं हिशेबाने बसत होता. मंडळी फुटली तर? हा शेवटचा प्रश्न त्याला फार सोयीचा वाटू लागला, आणि सोयीचा वाटतोय हे कळल्यावर तो जास्तच बेचैन झाला.

शेवटी त्याने मृणालीला सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. ऐकून घेतलं आणि मळत राहिली.

"पारीवहिनी किती येळा जेवायला बोलावते," ती म्हणाली. "मी उपास हाय म्हणून सांगते. दरयेळी."

"कसला उपास?"

"प्रार्थनेचा. ती बिचारी म्हणते, माझ्यासाठीबी मागा."

प्रभुभोजनाचा रविवार आला. निकेश पोचला तेव्हा वाळू आधीच येऊन बसला होता, पण खिडकीखाली नव्हे. तो दाराशी बसला होता. निकेशकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. निकेश तिथे बसला. समोर पारी आणि मृणाली शेजारी शेजारी होत्या.

साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायची वेळ झाली तसा निकेश उभा राहिला. त्याला पाठ केलेलं काही आठवेना. तो एवढंच म्हणाला, की छोटे ग्लास आणले त्याचा आरोग्याशी संबंध नव्हता. वाळूभावाच्या हातून आलेल्या पेल्यातून मला पिता आलं नाही. प्यायल्यासारखं केलं. ते झाकायला ग्लास आणले. मला तो पेला परत हवा आहे, पण मागायचा हक्क माझा नाही, तुमचा आहे.

तो खाली बसला. मग हर्षद पुटपुटला, "हे असं चारचौघांत काढायला पायजे होतं का? घरातल्या घरात मिटलं असतं."

"मिटलं नव्हतं," पारी समोरून म्हणाली. "इतके रविवार घरात तर आमीच बसून होतो."

ओळीच्या टोकाला एक म्हातारा आगरी बाबा मान खाली घालून बसला होता. वाडीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला, ती हसली की रडली ते कळलं नाही. हिरामणकाका उठले, ग्लासांचा ट्रे उचलून आत घेऊन गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. स्टीलचा पेला घासून, विसळून ते बाहेर आले, त्यात रस ओतला, प्रार्थना केली आणि पेला दाराशी बसलेल्या वाळूच्या हातात दिला.

वाळूने घोट घेतला. रुमाल त्याच्या खिशातच राहिला. काठ न पुसता त्याने पेला निकेशपुढे धरला.

आतून जे मागे सरायचं ते याही वेळी सरलं. देवापुढे सगळं कबूल केल्यावर ते उरणार नाही, अशी निकेशची समजूत होती. ते होतं तिथेच होतं. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, वाळूचे ओठ जिथे लागले होते ती जागा फिरवून बाजूला न करता तिथूनच घोट घेतला आणि गिळला. शांती वगैरे काही वाटली नाही. त्याने पेला पुढे दिला, आणि पुढच्या माणसानेही रुमाल काढला नाही.

उपासना संपल्यावर वाळू चपला शोधत होता. निकेश त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"जड गेलं," तो म्हणाला.

"दिसलं ते," वाळू म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत माझ्याच शेजारी बस."

"आणि तेव्हाबी जड गेलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या महिन्यातबी बस. मी कुठं जातोय?"

पारीला हाक मारून तो रस्त्याला लागला. निकेशला सेकंड शिफ्ट होती. निघण्याआधी तो तिथे उभ्या उभ्याच डोळे मिटून काही पुटपुटला. मृणालीला त्यातलं एकच नाव ऐकू आलं.